होणाऱ्या व्याह्यांना शह देऊ नये

पोपटीचे दिवस आले की मला घोडा आठवतो. पोपटी म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा आणि घोडा म्हणजे बुद्धिबळाच्या पटावरचा घोडा. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मला मान्य आहे. पण डोक्यात कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीशेजारी जाऊन बसेल हे आपल्या हातात नसतं. परवा पनवेलच्या बाजारात वालाच्या शेंगांचा ढीग दिसला. शेजारी एक बाई भांबुर्ड्याच्या पाल्याच्या जुड्या घेऊन बसली होती. त्या पाल्याचा उग्र, थोडा ओव्यासारखा वास नाकात शिरला आणि माझं बोट आपोआप हवेत दोन घरं पुढे जाऊन एक घर बाजूला सरकलं. भाजीवालीला वाटलं मी भाव पाडून मागते आहे. तिने तोंड फिरवलं.

सध्या मी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी नवशिक्यांना बुद्धिबळ शिकवते. वर्गात सात जण आहेत. सगळ्यांत लहान सहा वर्षांचा आणि सगळ्यांत मोठ्या देशपांडेकाकू, वय सत्त्याहत्तर. हत्ती सरळ जातो, उंट तिरका जातो, वजीर दोन्हीकडे जातो, राजा एकेक घर सांभाळून टाकतो, प्यादं पुढे जातं आणि मारताना तिरकं मारतं, इथपर्यंत सगळे माना डोलावतात. मग मी घोडा हातात घेते आणि हॉलमध्ये शांतता पसरते. दोन घरं सरळ, मग एक घर काटकोनात, असं म्हणते. देशपांडेकाकू घोडा उचलतात, दोन घरं नेतात, आणि वाटेत एक प्यादं आहे म्हणून थांबतात. त्याला ओलांडून कसं जायचं, बरं दिसतं का ते, असं त्या विचारतात. त्यांना हसायचा मला मुळीच हक्क नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी मी याहून वाईट होते, आणि माझ्या घोड्यावर तर माझ्या मुलीचं लग्न अवलंबून होतं.

मी तीस वर्षं एका वास्तुविशारदाच्या कचेरीत नकाशे काढले. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, आणि पुढे नाइलाजाने कॉम्प्युटर. सरळ रेघ ही माझ्या आयुष्यातली एकमेव चैन. नवीन पनवेल मला आवडतं ते त्यामुळेच. सेक्टर, रस्ता, सेक्टर, रस्ता. कुणी पत्ता विचारला तर दोन वाक्यांत सांगून मोकळं होता येतं. माझे यजमान श्रीकांत म्हणतात की मी भाकरीसुद्धा कंपासने थापते. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे. पण वाकडं चालणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, एवढं खरं. आणि बुद्धिबळातला घोडा तर धड सरळही नाही आणि धड तिरकाही नाही.

त्या वर्षी दिवाळीत मुग्धाने, म्हणजे आमच्या एकुलत्या एक मुलीने, चकली तळता तळता सांगितलं की तिला रूपेशशी लग्न करायचं आहे. रूपेश तिच्याच ऑफिसातला. विचुंब्याचा, आगरी, सरळ नाकाचा आणि सरळ बोलण्याचा. मला आवडला. श्रीकांतनाही आवडला. त्याच्या आईलाही, म्हणजे हिराताईंना, मुग्धा आवडली होती. अडलं होतं ते रूपेशच्या वडिलांपाशी. जोमाशेठ हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. बघू, एवढंच म्हणत होते. त्यांच्या भावांनी उरणकडचं एक स्थळ आणलं होतं. होळीला सगळी भावकी गावात जमते, तेव्हा काय ते ठरणार होतं. त्या घरात जोमाशेठचा शब्द शेवटचा. त्यांनी मान हलवली तर भाऊ निमूट बसणार होते, आणि नाही हलवली तर रूपेश बापाचं मन मोडून लग्न करणार नव्हता. मुग्धालाही तसं लग्न नको होतं. ती एरवी दिवसभर बडबडते. त्या महिन्यात ती कपाटं आवरायला लागली. मुग्धा कपाटं आवरते आहे म्हणजे काहीतरी फार बिनसलं आहे, हे मला आई म्हणून कळायला वेळ लागला नाही.

जानेवारीत हिराताईंनी आम्हाला पोपटीला बोलावलं. आमच्या इमारतीपासून विचुंबं रिक्षाने दहा मिनिटांवर, पण रस्ता कसा, तर एका गोठ्याला वळसा घालून, मग कुणाच्या तरी ओट्याच्या कडेने, मग नव्या टॉवरच्या भिंतीला चिकटून, मग अचानक देवळासमोर. हा रस्ता कुणी कधी कागदावर काढलेला नाही हे मला पहिल्या वळणालाच समजलं. जोमाशेठचं घर तीन मजली, खाली टाइल्स, वर टाइल्स, आणि मागे मात्र जुनं अंगण तसंच ठेवलेलं. तिथे मडकं तयार होत होतं. तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मधे अंडी, मसाला लावून पाल्यात गुंडाळलेली कोंबडी, परत शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबलेला. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा आणि सुकी पानं पेटवतात. शेजारी अजून एक लहान मडकं होतं. ते आमच्यासाठी, त्यात फक्त शेंगा आणि बटाटे. आम्ही कोंबडी खात नसणार असं त्यांनी धरून चाललं होतं, आणि आम्ही खातो हे सांगणं आम्हाला आगाऊपणाचं वाटलं. त्यामुळे श्रीकांत तीन रविवार त्या मोठ्या मडक्याकडे बघत वाल सोलत बसले.

त्या पहिल्या दिवशी जोमाशेठ आमच्याशी लग्नाचं अक्षर बोलले नाहीत. पांढरा सदरा, हातात जाड कडं, मिशीला मेंदी. वडील मिठागरावर होते, स्वतःही तरुणपणी मिठागरावरच राबलेले. त्यांनी खुर्चीवर पट मांडला आणि विचारलं, "बुद्धिबल येतं का कोनाला?" श्रीकांतना रमीशिवाय काही येत नाही. त्यांनी घाबरून माझ्याकडे बोट दाखवलं. मला लहानपणी भावाने हत्ती आणि उंट शिकवला होता, त्यापुढे आमचं भांडण झालं होतं. पण मुग्धाने मागून माझा दंड असा काही दाबला की मी येतं म्हणाले. पुढच्या आयतवारी या, बघू, असं जोमाशेठ म्हणाले. जोमाशेठच्या स्वतःच्या तोंडून आलेलं हे पहिलंच आमंत्रण, म्हणून मुग्धा येताना रिक्षात गाणं गुणगुणली.

तो आठवडा मी विसरणार नाही. सोमवारी मोबाईलवर धडे सुरू केले. बुधवारपर्यंत सगळी मोहरी माझ्या ताब्यात आली, घोडा सोडून. शेवटी मी ट्रेसिंग पेपर काढला. पटाच्या मधल्या घरात घोडा ठेवला आणि तो जिथे जिथे जाऊ शकतो तिथे लाल टिंब दिलं. आठ टिंबं आली, आणि त्यांचं चक्क एक वर्तुळ झालं. मी खुर्चीत मागे टेकून त्याकडे बघत राहिले. एवढ्या वेड्यावाकड्या चालीच्या पोटात इतकी नेटकी आकृती असेल असं वाटलं नव्हतं. मग घोडा कोपऱ्यात ठेवून बघितला तर फक्त दोन टिंबं. म्हणजे मधे ठेवला तर आठ वाटा आणि कडेला ढकलला तर दोन. काळ्या घरातून निघाला की पांढऱ्यात उतरतो आणि पांढऱ्यातून निघाला की काळ्यात. मधे कोण उभं आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही, उतरायच्या घरात आपला माणूस नसला म्हणजे झालं. शत्रू असेल तर त्याला उचलून तिथे बसायचं. हे सगळं मी आज वर्गात ऐटीत सांगते. तेव्हा मात्र कागदावर कळलेलं पटावर बसल्यावर नाहीसं व्हायचं.

म्हणून मग आमच्या बैठकीच्या फरशीवर सराव. फरशा चौकोनी, दोन रंगांच्या, बांधताना मीच निवडलेल्या. तांब्या हा राजा, वाट्या ही प्यादी, आणि घोडा म्हणून श्रीकांत. मी सोफ्यावरून हुकूम द्यायचे, दोन पुढे, एक डावीकडे. ते सुरुवातीला फरशी फरशी चालत जायचे. मी म्हणायचे, अहो चालायचं नाही, उडी मारायची. साठीच्या माणसाला ही सूचना किती झेपते ते शुक्रवारी कळलं. मधल्या दोन फरशांवर मी वाल सोलून परातीत ठेवले होते. घोड्याने ते ओलांडायला झेप घेतली आणि थेट परातीत उतरला. वाल कपाटाखाली गेले, कंबर धरली गेली, आणि उतरायचं घर आधी बघून ठेवावं लागतं हा धडा आम्हा दोघांना एकदमच मिळाला. त्यातले काही वाल पुढे पावसाळ्यात कपाट सरकवल्यावर सापडले.

दुसऱ्या रविवारी निघताना श्रीकांतनी मला गेटपाशी थांबवून समजावलं. आपण मुलीकडचे. जिंकायचं नाही, हे तर झालंच. पण हरेपर्यंतसुद्धा त्यांच्या राजाला शह देऊ नकोस, होणाऱ्या व्याह्यांना तोंडावर शह देणं बरं दिसत नाही. मला ते पटलं. आपल्याकडे मुलीकडच्यांनी पंगतीत आधी हात धुऊ नयेत इथपर्यंत नियम पाळलेले आहेत, त्यात हा एक. आता लिहिताना मला माझाच राग येतो. पण तेव्हा मी मान डोलावली होती.

तर मी हरायला बसले. हरणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. वजीर उघड्यावर ठेवला. जोमाशेठनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मारला नाही. मी हत्ती त्यांच्या उंटाच्या तोंडी दिला. तोही त्यांनी मारला नाही. मग काही न बोलता त्यांनी आख्खा पट उलटा फिरवला. आता माझी बाजू त्यांची आणि त्यांची माझी. पंधरा मिनिटांत त्यांनी माझ्या त्या मोडक्या बाजूने मला हरवलं, आणि म्हणाले की ही बाजू बरी होती, कुनी खेललं असतं तर. त्या दिवसापासून मुद्दाम हरण्याची सोयच राहिली नाही. नीट खेळून हरावं लागायचं, आणि ती अडचण काही मोठी नव्हती.

त्यांचा घोडा हे एक प्रकरण होतं. हत्ती येतोय तो दिसतो, त्याच्यासमोर काहीतरी आडवं टाकता येतं. घोड्यासमोर काय आडवं टाकणार? तो कुठेतरी कडेला दाणे खात असल्यासारखा उभा असायचा, आणि पुढच्या चालीला माझ्या राजाच्या आणि वजिराच्या मधोमध अशा घरात उतरायचा की एकाच वेळी दोघांवर मारा. शह राजाला, म्हणून राजा हलवायचा, आणि वजीर जाताना बघत बसायचं. हे माझ्याबाबतीत चार रविवारांत सहा वेळा झालं. जोमाशेठ कधी हसले नाहीत. वजीर उचलून आपल्या मांडीशी नीट उभा ठेवायचे, एखाद्या पाहुण्याला बसवावं तसा.

खेळताना ते हळूहळू बोलू लागले. मिठागरावर दुपारी झोपडीत डाव चालायचा. पट जमिनीवर कोळशाने काढलेला. पांढरी बाजू मिठाच्या ढेकळांची, काळी बाजू दगडांची. हाताला घाम आला की पांढऱ्याची प्यादी बारीक होत जायची, एकदा तर आख्खा राजा डाव संपायच्या आत विरघळला आणि तो डाव कुणाचा यावर दोन चुलते आठ दिवस बोलले नव्हते. हे सांगताना त्यांच्या मिशीच्या टोकाला पहिल्यांदा हसू दिसलं. मला तो माणूस आवडायला लागला होता, आणि त्यामुळे पंचाईत वाढली. परक्याशी चांगलं वागणं सोपं असतं. आवडलेल्या माणसासमोर सारखं तोंड आवरून बसायचं म्हणजे जबडा दुखतो.

चौथ्या रविवारी कोंबडीचा उलगडा झाला. हिराताईंनी श्रीकांतची नजर पकडली. त्यांनी विचारलं, "भावजी, खाताव काय?" श्रीकांतनी नुसती ताटली पुढे केली. जोमाशेठ आमच्याकडे वळले. एवढे दिवस बोलला का नाहीत, असं त्यांनी विचारलं. बरं दिसलं नसतं, असं मी म्हणाले. त्या दिवशी खेळताना जोमाशेठचं लक्ष पटावर कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त होतं.

फेब्रुवारी उतरणीला लागला. शेंगा जून होऊ लागल्या, भांबुर्डा वाळला, अंगणात दुपारचं ऊन टोचायला लागलं. होळी दहा दिवसांवर आली. मुग्धाची सगळी कपाटं आवरून झाली होती आणि ती आता स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे वळली होती. तो हंगामातला शेवटचा रविवार. हिराताई म्हणाल्या की पुढच्या आठवड्यात शेंगा मिळायच्या नाहीत. म्हणजे पोपटी नाही, म्हणजे आम्हाला बोलावायला निमित्त नाही, म्हणजे जे काय व्हायचं ते आज.

त्या दिवशी मी चांगली खेळले. कसं ते मला माहीत नाही. कदाचित काळजीने डोकं इतकं भरलं होतं की हात मोकळा सुटला. जोमाशेठची खेळायची एक तऱ्हा होती. प्यादी नेहमी एकेक घरच पुढे टाकायचे, पहिल्या चालीलासुद्धा. मला वाटायचं स्वभाव जपून आहे. राजालाही ते पायी पायी कोपऱ्यात नेऊन ठेवायचे. त्या दिवशीही नेला. बाजूला हत्ती, पुढे दोन प्यादी, राजा आपल्याच माणसांत गच्च. आणि माझ्या एकाएकी लक्षात आलं की माझा घोडा जर अमुक घरात उतरला तर राजाला हलायला जागाच नाही. मधे येऊन कुणाला अडवता येणार नाही, कारण घोड्याला अडवताच येत नाही. राजाभोवती जी माणसं संरक्षणाला उभी होती तीच त्याची वाट अडवून उभी होती. मी घोडा एक चाल अलीकडे आणून ठेवला. हत्ती सरकवला तरी माझ्याकडे उत्तर होतं, प्यादं ढकललं तरी होतं. पुढच्या चालीला पहिला शह, आणि तोच शेवटचा. मुलीकडच्यांचे नियम मी त्या क्षणी साफ विसरले होते. एवढा गोड डाव आयुष्यात पुन्हा येणार नव्हता.

जोमाशेठनी खूप वेळ पटाकडे पाहिलं. मग राजा उचलला, प्याद्यांच्या डोक्यावरून नेला, आणि दोन घरं पुढे एक घर बाजूला, माझ्या घोड्याच्या अगदी शेजारी आणून ठेवला.

मी म्हणाले, "राजा असा चालत नाही."

"एकदा चालतो," ते शांतपणे म्हणाले. "आख्ख्या डावात एकदा. घोर्‍यासारका. तवर शह बसला नसंल तर."

मी मोबाईल काढला. नियम दाखवले. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. त्यांच्या बापाने असंच शिकवलं होतं आणि मिठागरावर सगळे असंच खेळायचे. मग सात रविवार सांगितलं का नाही, असं मी विचारलं. आधी वेळ आली नव्हती, असं ते म्हणाले. ते खरंच होतं, त्यांच्या राजाला उडी मारायची पाळी मी कधी आणलीच नव्हती. पण मला तेव्हा खरं-खोटं दिसत नव्हतं. सात रविवारांचं गिळलेलं सगळं एकदम वर आलं, आणि माझ्या तोंडून गेलं की हरायला लागल्यावर तुम्ही हा नियम आत्ता काढलात.

अंगणात पेंढ्याचा विझत आलेला जाळ तेवढा तडतडत होता. रूपेश जमिनीकडे बघत होता. मी उठले, मला असला खेळ खेळायचा नाही म्हणाले, आणि चालू पडले. श्रीकांत मागून आले, हातात पोपटीतलं गरम अंडं, या हातातून त्या हातात झेलत. रिक्षात बसेपर्यंत ते अंडं थंड झालं होतं आणि मीही.

घरी मुग्धाला रूपेशचा फोन आधीच येऊन गेला होता. तिने विचारलं, "आई, तू त्यांना लबाड म्हणालीस?" लबाड नाही म्हणाले, नियम काढलात म्हणाले, असं मी सांगितलं. तिने डब्याची झाकणं लावली, एकेक, आणि आत गेली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मग मी बसून शोधलं. देशी बुद्धिबळात खरोखर तशी चाल होती. राजा एकदा घोड्याची उडी मारायचा, आधी शह बसला नसेल तर. प्यादीही एकेक घरच चालायची. म्हणजे जोमाशेठ खरं बोलत होते. आणि दुसरं म्हणजे, सात रविवारांत त्यांना मी एक शह दिला असता, अगदी साधा, उगाचचा, तरी त्या शेवटच्या डावात शह द्यायची सवय हाताला राहिली असती, आणि एकदा शह बसल्यावर ती उडी त्यांना मारता आली नसती. बरं दिसावं म्हणून वागत गेले आणि त्यापायी जिंकलेला डाव गेला, होणारे व्याही गेले, आणि मुलीचं मन मोडलं. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

आज वर्गात देशपांडेकाकू घोड्याने प्यादं ओलांडायला कचरतात ना, तेव्हा मला त्यांचा हात धरून सांगावंसं वाटतं की काकू, जा, प्याद्याला काही वाटत नाही. वाटतं ते आपल्यालाच.

सोमवारी सकाळी आठला बेल वाजली. श्रीकांत तोंडात ब्रश घेऊन दार उघडायला गेले आणि तसेच परत आले, काही बोलता येईना म्हणून हातवारे करत. जोमाशेठ दारात उभे होते. एकटेच, स्कूटरवरून आलेले, काखेत पट. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हाताने थांबवलं.

"डाव अर्दा ऱ्हायलाय," ते म्हणाले.

बैठकीत बसून त्यांनी मोहरी मांडली, एकही चूक न करता. राजा उडी मारून जिथे आला होता तिथेच होता. मी म्हणाले, मी शोधून पाहिलं, तुमचा नियम खरा आहे, राजा राहू दे तिथे. त्यांनी एकदा आमच्या बैठकीकडे नजर फिरवली, फरशांकडे, पडद्यांकडे, आणि राजा उचलून परत कोपऱ्यात ठेवला. विचुंब्याला आमचा नियम, इथं तुमचा, असं म्हणाले आणि दुसऱ्या टोकाचं एक प्यादं एक घर पुढे ढकललं. आता माझी पाळी होती. मी श्रीकांतकडे बघितलं. ते ब्रश धरून पुतळ्यासारखे उभे. मी घोडा उचलला. दोन घरं पुढे, एक घर बाजूला. शह, आणि मात.

जोमाशेठनी राजाभोवतीचं प्रत्येक घर बोटाने तपासलं. मग मागे टेकून बसले.

"आमच्या घरान समदी मना हो करतान," ते म्हणाले. "जमिनीला भाव आला तवापासून तर गावपन. हिरा पस्तीस वर्सां हो करतंय. मना वाटलं समदं बरोबर चाललंय. काल तुमी गेलाव नि ती समद्यांसमोर मना बोलली, बाईंचं बरोबर हाय, तुमी आदी सांगायला पायजे होतं. पयल्यांदा बोलली." मग ते माझ्याकडे वळले. "तुमी पन सात आयतवार हो हो करत ऱ्हायलाव. कोंबरी खाताव ता पन बोलला नाय. तुमची पोर तशीच निगाली तर? आमच्यात येल, गप ऱ्हाल, नि तिला काय टोचतं ता मना कलनार पन नाय."

एवढे दिवस मी त्या माणसाला जिंकून घ्यायला बसले होते, आणि त्याला तर साधी काळजी होती, माझ्याइतकीच, माझ्याच मुलीची. माझे डोळे भरून आले आणि ते मी लपवलं नाही.

त्यांनी आतल्या दाराकडे बघून मुग्धाला हाक मारली. ती ऑफिसचे कपडे घालून, हातात डबा घेऊन बाहेर आली. ती दाराआडून सगळं ऐकत होती हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. जोमाशेठनी पटाकडे बोट केलं. राजाची ती चाल खरी की खोटी, आणि चूक कुणाची, तुझ्या आईची की माझी, असं त्यांनी सरळ विचारलं. मी मनात म्हटलं, आता ही काय बोलते. एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला होणारा सासरा, आणि दोघांवर एकदम बोलायचं.

मुग्धाने डबा टेबलावर ठेवला.

"चाल खरी आहे काका," ती म्हणाली. "पण ती तुम्ही पहिल्याच रविवारी सांगायला हवी होती. आणि आई, तू त्यांना एक तरी शह द्यायला हवा होतास. तुम्ही दोघांनी माझे सात रविवार घालवलेत."

जोमाशेठनी पटावरची मोहरी एकेक करून डबीत भरायला घेतली, आणि मान वर न करता म्हणाले, "होलीला आमची भावकी जमते. भाऊ उरनचं ठिकान काडतील. तवा तू ये, नि त्यांच्यासमोर असंच बोल. मी हाय बाजूला."

श्रीकांतनी अखेर तोंडातला ब्रश काढला. मी चहा टाकला. जोमाशेठनी पहिला घोट घेतला आणि साखर कमी आहे म्हणाले. आमच्याकडे एवढीच घालतात, असं मी त्यांना सांगितलं.